तळ्यातलं घरटं

राष्ट्रीय उद्यान, संशोधन केंद्र
३ मार्च

ताई,

पोचले एकदाची. शेवटच्या फाट्यापासून पुढे जीपमध्ये मी, दोन गॅस सिलिंडर, बटाट्यांचं पोतं आणि कुणाचं तरी मोडकं कपाट, असे सगळे एकमेकांना धडका देत आलो. हाडं खिळखिळी झालीत, पण मजेत आहे.

मोबाइलला इथे रेंज म्हणून नाही. ऑफिसात इंटरनेट आहे, पण ते नकाशाच्या कामापुरतं, त्यावर गप्पा मारायला बंदी. म्हणून पत्र. सामानाची जीप आठवड्यातून दोनदा खाली गावात जाते, ती टपाल नेते-आणते. हसू नकोस. मी फोनवर निम्मं वाक्य टाकून पळते म्हणून तूच कुरकुरतेस ना? घे, आता सगळी वाक्यं पूर्ण वाच.

कामाचं सांगते. उद्यानाचा नवा नकाशा तयार होतोय. सकाळी जीपीएस घेऊन गार्डकाकांबरोबर रानात चालायचं, वाट जिथे वळेल तिथे बटण दाबायचं, दुपारी ऑफिसात बसून ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. वाटा, पाणवठे, तंबूच्या जागा, धोक्याचे कडे. नकाशा विभाग मॅडम सांभाळतात. मोजकं बोलतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, 'काही कळलं नाही तर विचारायचं. कळलं असं वाटलं तरी विचारायचं.' मी जोरात मान हलवली.

आणि ताई, गरुड! गार्डकाकांनी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीतून दाखवला. अख्ख्या उद्यानात मोठ्या गरुडाची ही एकच जोडी उरली आहे. गेली दोन वर्षं त्यांची अंडी वाया गेली. यंदा एक पिल्लू निघालंय. पांढरं, कापसाचा बोळा ठेवल्यासारखं. केंद्रातली सगळी माणसं सकाळी एकमेकांना आधी 'पिल्लू कसंय?' विचारतात आणि मग चहा घेतात. मीसुद्धा आता तेच करते.

तीन महिने शिकाऊ म्हणून आहे. मॅडमना पटलं तर पुढे कायम. ताई, हे मी अर्धं सोडणार नाही. 'आधीच्या दोन्ही वेळी हेच म्हणाली होती' असं तू मनात म्हणतेयस, मला इथपर्यंत ऐकू येतंय. या वेळी बघच.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. तुझं अक्षरसुद्धा पळत सुटल्यासारखं आहे, शेवटच्या ओळी तर पानाबाहेर जायला निघाल्यात. पण खरंच बरं वाटलं. पाकीट हातात घेऊन मी जिन्यातच वाचत बसले, वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा ओलांडून गेल्या.

इथलं काय सांगू? शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, दिवसभर मशीन आणि काजं-बटणं. तुझे भावोजी तसेच. ज्या पोराला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं तोच आता त्यांचा साहेब झाल्यापासून घरात शब्द नाही. भांडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते असतात. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या माणसासारखे. त्यापेक्षा भांडलेले परवडले असते. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून कुठेतरी जातात, तेवढंच.

पण गंमत ऐक. जेवताना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि गरुड म्हटल्याबरोबर ताटावरची मान वर झाली. 'पिल्लू आहे म्हणते?' म्हणाले. मग आणखी एकदा वाचायला लावलं. कित्येक आठवड्यांनी आमच्या घरात कुणीतरी कुणालातरी प्रश्न विचारला. तो कडा नेमका कुठे आहे ते नीट लिही ना. त्यांना तेवढंच बोलायला होईल, आणि मला ऐकायला.

अंगावर पुरेसं पांघरूण आहे ना? नसेल तर खोटं 'आहे' लिहू नकोस.

तुझी ताई


१६ मार्च

ताई,

पांघरूण एक आहे. खरं तेच लिहिलंय.

कड्याची जागा मात्र सांगता येणार नाही गं. घरट्यांबद्दल बाहेर बोलायचं नाही असं आल्या दिवशीच सही करून घेतलंय. भावोजींना सांग, रागावू नका, मी पिल्लाची खबर दर पत्रात देईन. आता ते मान वळवतं, भूक लागली की अख्ख्या दरीला ओरडून सांगतं.

पण मी काय केलंय ते ऐक! मॅडम प्रशिक्षणासाठी शहरात गेल्यात, शुक्रवारपर्यंत नाहीत. नवीन वाटा चढवता चढवता मी जुना नकाशा उघडला, पक्ष्यांच्या नोंदींचा. तर काय, गरुडाचं घरटं तळ्याच्या मधोमध! घुबडाची ढोली गाड्या लावायच्या मैदानात! एका धनेशाला तर त्यांनी बायकांच्या स्वच्छतागृहात बसवलंय. मी एकटीच खुर्चीत बसून हसत होते. इतकी वर्षं हे लोकांना उघडं दिसतंय आणि कुणाच्या लक्षात नाही?

मग नीट बघितलं तर सगळे बिंदू एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेले. ही चूक आम्हाला शिकवलेली आहे. जुनी मोजणी एका पद्धतीची आणि नकाशा दुसऱ्या पद्धतीचा असला की असं होतं, सगळंच्या सगळं एका बाजूला घसरतं. गरुडाचं घरटं खरं कुठे आहे ते मला माहीतच होतं. तेवढा फरक मोजला आणि सगळे बिंदू उचलून परत जागेवर ठेवले. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले, जेवायचंसुद्धा भान नव्हतं. पण आता एकेक पक्षी आपापल्या घरी! दर सोमवारी इथला नकाशा आपोआप वेबसाइटवर चढतो. म्हणजे उद्या चढेल. नक्की बघ, माझं पहिलं काम आहे ते.

मॅडम आल्यावर त्यांचं तोंड कसं होतंय ते बघायला मी आतापासून येरझाऱ्या घालतेय.

तुझी भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

आज तुला असं पत्र लिहितेय की वाचून तू उडीच मारशील.

तुझा नकाशा बघितला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण भावोजींनी संगणकावर मोठा करून दाखवला. म्हणाले, 'पोरीने काम चोख केलंय.' आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून निघाले! मीच डबा करून दिला. तुला भेटून या म्हटलं होतं, पण तुमचं केंद्र डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आणि ते अलीकडून चढले, म्हणून राहिलं.

काल परत आले ते वेगळेच माणूस होऊन आले गं. आल्या आल्या बूट न काढता बोलायला सुरुवात. कडा कसा उतरला, घरट्याच्या अगदी जवळच्या खाचेत कसे दिवसभर बसले, पिल्लाने चोच कशी उघडली. मधे दोन फांद्या येत होत्या, त्या दोरीने मागे बांधल्या म्हणून फोटो स्वच्छ आला. मादी वर घिरट्या घालत होती म्हणे, तिचाही घेतलाय. मी नुसती बघत बसले होते त्यांच्याकडे. लग्न ठरलं तेव्हा हे असेच बोलायचे, मी विसरूनच गेले होते.

वन्यजीव फोटोंची मोठी स्पर्धा आहे, पाच एप्रिलपर्यंत फोटो द्यायचा. हा नक्की लागणार म्हणतात. तुझ्यामुळे झालं हे सगळं. तू कधी कुणाचं भलं केलंस की नाही असं कुणी विचारलं तर मी सांगेन.

तुझी ताई


२२ मार्च

ताई,

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

मॅडम काल आल्या. मी उड्या मारतच नकाशा दाखवला. त्या खुर्चीत बसल्याच नाहीत, उभ्याउभ्याच त्यांनी वेबसाइट बंद केली. मग म्हणाल्या, 'ते बिंदू मी सरकवले होते. मुद्दाम.' अंडी-पिल्लं चोरणारे, घरट्यात कॅमेरा खुपसणारे, सगळ्यांपासून लपवायला. उद्यानात कुठले पक्षी आहेत ते लोकांना कळावं, पण कुठे ते कळू नये. म्हणून तळ्यात घरटं. दरवर्षी दोघं-तिघं तळ्यापाशी जाऊन हात हलवत परत येतात म्हणे, आणि केंद्रातली माणसं खूश होतात. मला कुणी सांगितलं नाही, पण मीही विचारलं नाही.

मला घरटं दिसलंच नाही गं. मला फक्त चूक दिसली.

लगेच गार्डकाकांना कड्यावर पाठवलं. कुणीतरी जाऊन आलंय. घरट्यावर सावली धरणाऱ्या फांद्या नायलॉनच्या दोरीने मागे बांधलेल्या, पिल्लू भर उन्हात मान टाकून पडलेलं. काकांनी दोऱ्या कापल्या आणि लगेच मागे फिरले. मादी घरट्यावर नाही. लांब एका सुळक्यावर बसून राहिली आहे. ती आली नाही तर एक-दोन दिवसांत सगळं संपेल, आणि पुन्हा ही जोडी इथे घर करील की नाही सांगता येत नाही.

मी आज दिवसभर समोरच्या डोंगरावर दुर्बीण घेऊन होते. सारखी उठते, बसते, पुन्हा दुर्बीण. कुठल्या नालायकाने केलं असेल हे? सापडला तर मी त्याला त्याच फांदीला बांधीन.

मॅडमनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि ऑफिसात परत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भिंगरी


२६ मार्च

ताई,

तुझं एकवीसचं पत्र आत्ता मिळालं. तू हे वाचतेयस म्हणजे माझं बावीसचंही तुला मिळालंय. तेव्हा ते नालायक कोण, हे आता तुलाही कळलंय आणि मलाही.

आधी चांगलं सांगते. मादी परत आली. तेवीसच्या सकाळीच पिल्लाच्या अंगावर पंख पसरून बसली. मी आणि गार्डकाका दोघंही वेड्यासारखे रडलो, मग एकमेकांकडे बघून हसलो.

पण तो फोटो कुठेही जाता कामा नये. ऐकतेयस? आजकालच्या कॅमेऱ्यात फोटोबरोबर जागेचीही नोंद होते, अगदी कुठल्या खाचेतून काढला इथपर्यंत. स्पर्धेला मूळ फोटो जसाच्या तसा द्यावा लागतो. एकदा का तो तिथे गेला, दहा माणसांनी उघडला, की माझ्या नकाशापेक्षा वाईट. या वेळी मादी परत आली. पुन्हा कुणी गेलं तर येणार नाही, असं काका म्हणतात, आणि मला ते पटतं.

केंद्रात सगळे विचारताहेत, कोण होतं. मी अजून तोंड उघडलेलं नाही. मॅडम समोर आल्या की मी खाली बघते. उद्या जीपबरोबर खाली गावात जाऊन तुला फोन करणार आहे. भावोजींना सांग, फोटो पुसा. सगळे. माझी शपथ घाल, काहीही कर.

भिंगरी


३० मार्च

भिंगरे,

फोनवर तू ओरडलीस, मी रडले, मधेच ह्यांनी फोन घेतला आणि ठेवून दिला. म्हणून लिहितेय.

तू म्हणालीस, 'त्यांना समजत कसं नाही?' समजतं गं. पिल्लू उन्हात पडलं होतं हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उठून गॅलरीत गेले. पण फोटो म्हटलं की पुन्हा तेच. 'मी काय चोरी केली? नकाशा उघडा होता, मी गेलो. वर्षभरात एक गोष्ट मनासारखी झाली माझ्या, तीही पुसू?' तुला नकाशा दिसतो, मला हा माणूस दिसतो. सकाळी उठून गुणगुणत दाढी करतो आता.

आणि एक बोलू? नकाशा तू उघडा केलास. दोरी त्यांनी बांधली, पण वाट तू दाखवलीस. नुसतं त्यांच्यावर ढकलू नकोस.

मला चार तारखेपर्यंत वेळ दे. मी बघते. माझ्या पद्धतीने करू दे, त्यांना कोपऱ्यात गाठून होणार नाही. तोवर तिथे त्यांचं नाव घेऊ नकोस. हात जोडते. सरकारी माणसं दारात आली तर ते पुन्हा कधी बोलणारच नाहीत.

एकदा तरी थांब, भिंगरे.

ताई


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. थांबायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

काल संध्याकाळपासून मी खोलीत नुसत्या फेऱ्या मारतेय. पाच तारखेच्या आत तू काही करशील, की नाही करणार? करशील तर मला कसं कळणार? जीप आता सहाला. मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा आणि तू त्यांच्यावर, आणि मधे ते पिल्लू. ते आता घरट्याच्या कडेपर्यंत सरकतं, पंखात पहिली काळी पिसं फुटली आहेत. हे असं दोन दिवस मला जमेना.

आज सकाळी मॅडमना सांगितलं. नाव, पत्ता, स्पर्धा, सगळं. माझे भावोजी आहेत हेही. तुझं पत्र खिशात होतं.

मॅडमनी नाव-पत्ता वहीत लिहून घेतला. मग म्हणाल्या, 'घरी कळवलंस?' म्हटलं, कळवते. त्यांनी मला पाणी दिलं.

तू म्हणतेस ते खरं आहे, वाट मी दाखवली. तेही मी लिहून दिलंय. मला काढतील तर काढोत. ताई, रागाव, काही म्हण, पण उत्तर दे.

भिंगरी


३ एप्रिल

भिंगरे,

झालं. आता पाणी पी आणि खाली बस.

काल ह्यांना म्हटलं, मला ते फोटो नीट बघू द्या. दोघंच बसलो. एकेक बघत गेलो. किती सुंदर आहेत गं. एका फोटोत पिल्लू थेट आपल्याकडे बघतंय, चोच उघडी. मी म्हटलं, 'केवढी तहान लागलीय हो त्याला.' बस, एवढंच म्हटलं, दुसरं काही नाही. त्यांनी तो फोटो पुन्हा मोठा केला. मग फांद्यांचा बघितला, दोरीचा. कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'तूच पुस. माझ्याच्याने व्हायचं नाही.'

मी पुसले. कॅमेऱ्यातले, संगणकातले, सगळे. स्पर्धेला काही पाठवलं नव्हतं, मित्रांनाही नाही. पुसून झाल्यावर ते पुन्हा गप्प होतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. तर म्हणाले, 'चहा टाकतेस का?' आणि मग माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन ऑफिसातलं सगळं बोलले. त्या साहेब झालेल्या पोराचं, सगळं. पहिल्यांदा.

आता तुलाही झोप लागू दे. कुणाला काही सांगायची गरज उरलेली नाही.

तुझी ताई


१२ एप्रिल

तुझं पत्र आणि ती माणसं एकाच दिवशी आली. पत्र दुपारी, ती माणसं सकाळी.

दोघं होते, आवाज न चढवता बोलले. कॅमेरा आणि संगणक तपासला. काहीच नव्हतं, मीच पुसलं होतं ना. 'मी गेलोच नाही' असं ते सहज म्हणू शकत होते. मी दारात उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, एकदा म्हणाच. ते म्हणाले, 'गेलो होतो. फांद्या मीच बांधल्या. फोटो होते, आम्ही पुसले.'

कॅमेरा नेला. त्यांच्या ऑफिसात नोटीस गेली. तिथे त्यांना त्या पोराच्या टेबलासमोर उभं राहून खुलासा द्यावा लागला, बाकीचे माना वळवून बघत होते. घरी आले, बूट काढले, जागेवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. अजून तसेच आहेत.

तू बरोबर केलंस म्हणतील सगळे. असेल. पण मी थांब म्हटलं होतं. पत्र खिशात ठेवून सांगितलंस, तेवढं लिहायची तरी काय गरज होती? तुझ्या दहावीच्या निकालापासून आजवर तू घाई करायचीस आणि मी निस्तरायचं. या वेळी मी निस्तरलं होतं. पुरतं निस्तरलं होतं, तुझ्या आधी.

काही दिवस लिहू नकोस. लिहिलंस तरी उघडणार नाही.


७ जून

ताई,

हे सहावं असेल किंवा सातवं. उघडत नाहीस हे माहीत आहे. तरी जीप निघायच्या आत काहीतरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. जीप वर येते तेव्हा मी टपालाची पिशवी ड्रायव्हरच्या हातातून ओढून घेते, तो मला आता दुरून बघूनच नाही म्हणून हात हलवतो.

उडालं.

आज सकाळी. तीन दिवस घरट्याच्या कडेवर उभं राहून नुसते पंख आपटत होतं, वारा यायचा, आम्ही श्वास रोखायचो आणि ते पुन्हा आत सरकायचं. आज वाऱ्याची वाटही बघितली नाही. गेलं खाली आणि मग वर. गार्डकाकांनी टोपी फेकली ती दरीत गेली. मॅडम पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. कुठून उडालं आणि कुठे जाऊन बसलं ते लिहीत नाही.

माझं काम सध्या काय आहे सांगू? बिंदू सरकवायचं. मॅडम म्हणाल्या, 'सगळे एकाच दिशेला सरकवले ही माझी चूक. आता प्रत्येक वेगळा सरकव, कुणालाही उलगडता येऊ नये असा.' दिवसभर बसून नकाशा बिघडवते. एकेकाला उचलून भलतीकडे ठेवताना अजून हात शिवशिवतो.

त्यांनी कायम करायचं पत्र दिलंय. आठवडा झाला, उशीखाली आहे, सही केलेली नाही. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि मी इथे पक्की नोकरी घेऊन बसू? तू सांगशील तसं करीन. सोड म्हणालीस तर उद्याच्या जीपने खाली येते.

त्या दिवशी सांगितलं याचं मला वाईट वाटतं असं लिहायला बसते आणि लिहवत नाही, कारण पुन्हा तीच सकाळ आली तर मी पुन्हा सांगीन. पण तुला विचारून सांगीन. तुझ्याशी भांडून सांगीन. तुझ्या पाठीमागे नाही.

भिंगरी


२० जून

भिंगरे,

पत्रं सगळी मिळाली होती. फाडली नाहीत, कपाटात टाकली होती. काल उघडली, सगळी एकदम, मशीनपाशी बसून. गणवेशाची एक बाही उलटी शिवली गेली त्या नादात.

उडाल्याचं वाचलं तेव्हा मी मोठ्यांदा 'अगंबाई' म्हणाले असेन, कारण हे आतून बाहेर आले. काय झालं म्हणाले. मी तेवढाच भाग वाचून दाखवला. टोपी दरीत गेल्यावर हसले. थोडेसे, पण मी बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, 'कुठल्या बाजूला गेलं?' मी पत्र उलटसुलट करून म्हटलं, तिने ते लिहिलेलं नाही.

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाले, 'नकोच लिहू दे.'

तुझं नाव अजून आमच्या घरात निघत नाही. काल 'ती' इतपत निघालं. संध्याकाळी ते खालच्या बागेपर्यंत चालून आले, कॅमेऱ्याशिवाय. ऑफिसातलं अजून मिटलेलं नाही, मिटेल तेव्हा मिटेल. ते रोज जातात.

त्या कागदावर सही कर. आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं, आता त्यावर तू अर्धवट सोडलेलं तिसरं काम मला नकोय. आणि सुट्टी मिळाली की ये. भावोजी समोर बसतील, बोलतील की नाही माहीत नाही. मी बोलेन, बरंच बोलेन, आणि तू मधे तोंड घालायचं नाहीस.

माफ केलंय असं समजून येऊ नकोस. नुसती ये.

ताई